विश्लेषण : उणे १९६ अंशांची थंडी परजीवीने केलेली जखम कशी बरी करते?

लीशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे काळा आजार होतो, हे अनेकांना माहीत असते. मात्र याच कुळातील परजीवी त्वचेवर महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमाही करतात. या जखमा सहसा जिवावर बेतत नाहीत, पण चेहऱ्यावर किंवा हातावर कायमचा व्रण ठेवून जातात. त्यावर गेली काही दशके वापरला जाणारा एक उपाय म्हणजे द्रव नायट्रोजनने जखम गोठवणे, अर्थात क्रायोथेरपी. हा उपचार नेमका कसा काम करतो, कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, याविषयी…

त्वचेचा लीशमॅनियासिस म्हणजे काय?

लीशमॅनिया हा एकपेशीय परजीवी आहे. त्याच्या २०हून अधिक प्रजाती माणसाला आजारी पाडतात. काही प्रजाती यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. तो काळा आजार. काही प्रजाती मात्र त्वचेतच ठाण मांडतात. तो त्वचेचा लीशमॅनियासिस.

प्रसार होतो तो सँडफ्लाय म्हणजेच वाळूमाशीच्या चाव्यातून. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासापेक्षा बरीच लहान असते. तिचा आवाज येत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरू शकते. रक्त पिताना मादी परजीवी त्वचेत सोडते. शरीराच्या भक्षक पेशी म्हणजे मॅक्रोफेज या परजीवींना गिळतात, पण हा परजीवी पचत नाही. उलट त्याच पेशीत राहून तो आपली संख्या वाढवतो.

चाव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या जागी लहानशी पुळी येते. ती वाढते, मध्यभागी फुटते आणि उंच कडांची, मध्ये खोलगट अशी जखम तयार होते. ज्वालामुखीच्या मुखासारखी ती दिसते. विशेष म्हणजे ती सहसा दुखत नाही. त्यामुळेच रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा जातो.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सहा लाख ते दहा लाख नवे रुग्ण आढळतात. अफगाणिस्तान, पाकिस्तान, सीरिया, इराक, अल्जीरिया, ट्युनिशिया, ब्राझील, कोलंबिया आणि पेरू हे सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशांपैकी आहेत. युद्ध, विस्थापन, पडकी घरे आणि साचलेला कचरा यांच्याशी या आजाराचे थेट नाते आहे. सीरियातील यादवीनंतर तेथे आणि शेजारच्या देशांतील निर्वासितांच्या छावण्यांत रुग्ण वाढले, ते याच कारणाने.

या आजाराची जुनी नावेच त्याचा नकाशा सांगतात. अलेप्पोचा फोड, बगदादचा फोड, दिल्लीचा फोड. इराणमध्ये त्याला ‘सालक’ आणि अफगाणिस्तानात ‘सालदाना’ म्हणतात. दोन्ही शब्दांत ‘साल’ म्हणजे वर्ष आहे. वर्षभर न भरणारा फोड, असा त्याचा अर्थ.

भारतातही हा आजार आहे. राजस्थानातील बिकानेर हे त्याचे जुने केंद्र असून तेथे लीशमॅनिया ट्रॉपिका ही प्रजाती आढळते. हिमाचल प्रदेशातील सतलज खोऱ्यात आणि केरळमध्ये पश्चिम घाटातील आदिवासी वस्त्यांतही रुग्ण आढळले आहेत. हिमाचल आणि केरळमधील अनेक रुग्णांमध्ये लीशमॅनिया डोनोव्हानी ही प्रजाती सापडली. काळा आजार करणारी प्रजातीही हीच. शेजारच्या श्रीलंकेत हीच प्रजाती प्रामुख्याने त्वचेचा आजार करते.

जखम आपोआप बरी होते, तर उपचार कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आशिया-आफ्रिकेतील बहुतेक जखमा उपचाराविनाही कधी ना कधी भरतात. लीशमॅनिया मेजर प्रजातीची जखम काही महिन्यांत भरते. ट्रॉपिकाची जखम मात्र वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ राहू शकते.

पण भरताना ती मागे खोलगट, सुरकुतलेला व्रण ठेवते. वाळूमाशी उघड्या अंगाला चावते. म्हणजे चेहरा, हात आणि पाय. लहान मुलांच्या गालावर किंवा नाकावर आलेला व्रण त्यांच्याबरोबर आयुष्यभर राहतो. आजार स्पर्शाने पसरतो, असा गैरसमज अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे मुलांना वेगळे बसवणे, मुलींची लग्ने अडणे, आईला तान्ह्या बाळापासून दूर ठेवणे असे प्रकार घडतात. प्रत्यक्षात शेजारी बसल्याने, जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार होत नाही.

या व्रणाची भीती किती जुनी आहे, याचा पुरावा वैद्यकाच्या इतिहासातच आहे. पश्चिम आशियात पूर्वी मुलांच्या झाकलेल्या अंगावर मुद्दाम जखमेतील द्रव टोचत. एकदा आजार होऊन गेला की त्याच प्रजातीचा संसर्ग सहसा पुन्हा होत नाही. मांडीवर व्रण राहिला तरी चालेल, पण चेहरा वाचावा, हा त्यामागचा हिशेब. इराणने इराकबरोबरच्या युद्धात आपल्या सैनिकांसाठी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली होती. माणसांसाठी परवाना मिळालेली लस आजही उपलब्ध नाही.

उपचाराचे दुसरे कारण सार्वजनिक आरोग्याचे. ट्रॉपिका प्रजाती मुख्यतः माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे जाते. एका रुग्णाची उघडी जखम लवकर भरली, तर पुढची साखळीही तुटते.

मग औषधे नाहीत का?

आहेत, पण ती सोपी नाहीत. अँटिमनी या मूलद्रव्याची संयुगे हे या आजारावरचे जुने औषध. अँटिमनीचेच संयुग पूर्वी सुरम्यात वापरले जात असे. कोलकात्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून काळ्या आजाराचे असंख्य रुग्ण वाचवले. पुढे १९४०च्या दशकापासून सोडियम स्टिबोग्लुकोनेट आणि मेग्लुमिन अँटिमोनिएट ही तुलनेने सुरक्षित औषधे आली. आजही तीच प्रामुख्याने वापरली जातात.

संपूर्ण शरीरात औषध द्यायचे तर प्रतिकिलो वजनामागे २० मिलिग्रॅम, रोज एक इंजेक्शन, असे साधारण २० दिवस. म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज एक ग्रॅम औषध. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर, यकृतावर आणि स्वादुपिंडावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे ईसीजी आणि रक्ततपासण्या वारंवार कराव्या लागतात. मिल्टेफोसिन हे तोंडावाटे घेण्याचे औषध आहे, पण गर्भावर त्याचा घातक परिणाम होऊ शकतो. म्हणून ते गर्भवतींना देत नाहीत.

दोन सेंटीमीटरच्या एका जखमेसाठी सगळ्या शरीराला हे विष द्यायचे का, असा प्रश्न इथे उभा राहतो. त्यातूनच फक्त जखमेपुरत्या उपचाराचा विचार पुढे आला. जखमेच्या कडेत थेट अँटिमनीचे इंजेक्शन देणे, जखम तापवणे आणि जखम गोठवणे हे त्यातील प्रमुख पर्याय.

गोठवून उपचार करण्याची कल्पना कुठून आली?

इंग्लंडमधील डॉ. जेम्स आर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने कर्करोगाच्या गाठी गोठवून वेदना कमी करण्याचे प्रयोग केले. १८८३मध्ये पोलंडमधील क्राकूव्ह येथे ऑक्सिजन आणि नायट्रोजन द्रवरूपात मिळवण्यात शास्त्रज्ञांना यश आले. पाठोपाठ हवेचे द्रवीकरण करण्याचे औद्योगिक तंत्र आणि द्रव साठवण्याचे निर्वात भिंतींचे पात्र तयार झाले. १८९९मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टर कॅम्पबेल व्हाइट यांनी द्रव हवा त्वचारोगांवर वापरली.

द्रव हवेत ऑक्सिजन असल्याने आगीचा धोका होता. द्रव नायट्रोजन पेट घेत नाही आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असल्याने त्याच्या कच्च्या मालाची कमतरता नाही. १९५०पासून कापसाच्या बोळ्याने द्रव नायट्रोजन लावण्याची पद्धत त्वचारोगतज्ज्ञांमध्ये रूढ झाली. १९६०च्या दशकात हातात धरता येणारी फवारणी उपकरणे आली. चामखिळींवर हा उपचार आजही सर्रास होतो. तेच तंत्र लीशमॅनियाच्या जखमांसाठी वापरात आले.

द्रव नायट्रोजन त्वचेत नेमके काय करतो?

सामान्य दाबाला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३२ अंश. म्हणजे दोघांत २२८ अंशांचा फरक. बर्फ लावला तर हा फरक फक्त ३२ अंशांचा असतो. उष्णता किती वेगाने वाहणार, हे तापमानातील फरकावर ठरते. त्यामुळे साधा हिशेब केला तरी द्रव नायट्रोजन त्वचेतील उष्णता बर्फापेक्षा सुमारे सातपट जोराने खेचू शकतो.

गंमत अशी की, एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, तर एक किलो द्रव नायट्रोजन उकळताना सुमारे १९९ किलोज्यूलच. म्हणजे एकूण उष्णता शोषण्यात बर्फच सरस. पण इथे मुद्दा वेगाचा आणि तळाच्या तापमानाचा आहे. वितळणारा बर्फ शून्य अंशाखाली जाऊच शकत नाही आणि शरीरातील क्षारयुक्त पाणी शून्याच्या किंचित खाली गोठते. म्हणून तासभर बर्फ चोळूनही जखम आतून गोठणार नाही. फ्रीझरमधून थेट काढलेला बर्फ जोरात दाबून धरला, तर निरोगी त्वचेला मात्र इजा होऊ शकते.

आणखी एक बाब. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच उडून न जाता नाचतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. द्रव नायट्रोजनसाठी आपली त्वचा हाच तापलेला तवा. नुसता थेंब पडला तर तो घरंगळून जातो. म्हणूनच डॉक्टर बोळा किंचित दाबून धरतात किंवा एकाच जागी सलग फवारा मारतात.

थंडीने परजीवी मरतो का?

याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. लीशमॅनियावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा हेच परजीवी वर्षानुवर्षे जिवंत ठेवतात, ते द्रव नायट्रोजनमध्येच. फरक असा की, तेथे ग्लिसरॉलसारखे संरक्षक द्रव्य मिसळतात आणि तापमान सावकाश उतरवतात. त्यामुळे पेशीत बर्फाचे धारदार स्फटिक तयार होत नाहीत. याचा अर्थ, मारते ती नुसती थंडी नव्हे, तर बर्फ आणि तो तयार होण्याचा वेग.

जखमेवर नेमके उलटे करतात. गोठवणे झटपट आणि वितळणे सावकाश. झटपट गोठताना पेशीच्या आत स्फटिक होतात आणि पेशीचे आवरण फाटते. पेशीबाहेर बर्फ झाला की उरलेले पाणी अधिक खारट होते आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. सावकाश वितळताना लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि उरलीसुरली पेशीही तोडतात. शिवाय त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि पुढील काही तासांत तेथील ऊती रक्ताअभावी मरतात.

परजीवी लपलेला असतो तो भक्षक पेशीत. ती पेशीच नष्ट झाली की त्याचे घर जाते. पेशी फुटल्यावर परजीवीचे अंश उघडे पडतात आणि त्या जागी येणारी सूज शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला जागे करते, असेही मानले जाते. थोडक्यात, हा उपचार परजीवीला नेम धरून मारत नाही. तो ज्या जागेत राहतो, ती जागाच उद्ध्वस्त करतो.

प्रत्यक्ष उपचार कसा करतात?

सर्वात आधी निदान. जखमेच्या कडेतून थोडा स्राव किंवा ऊती घेऊन काचपट्टीवर पसरतात, गिम्सा रंगद्रव्याने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधतात. शक्य असेल तेथे पीसीआर चाचणीने प्रजातीही ओळखतात. त्वचेचा क्षयरोग, कुष्ठरोग, बुरशीजन्य गाठी आणि त्वचेचा कर्करोग यांच्या जखमाही अशाच दिसू शकतात. त्यामुळे नुसते पाहून गोठवण्याची घाई करायची नाही, हा पहिला नियम.

त्यानंतर जखमेवरची खपली काढून ती स्वच्छ करतात. बोळ्याने किंवा फवाऱ्याने साधारण १० ते २५ सेकंद द्रव नायट्रोजन लावतात. जखम आणि तिच्याभोवतीची एक-दोन मिलिमीटर निरोगी त्वचा पांढरी पडेपर्यंत गोठवतात, कारण परजीवी जखमेच्या मध्यापेक्षा कडेत अधिक असतात. गोठलेला भाग वितळू देऊन पुन्हा गोठवणे हेही अनेक ठिकाणी केले जाते.

गोठवताना चटका बसल्यासारखे आणि वितळताना ठणकल्यासारखे दुखते. नंतर सूज येते, फोड येतो आणि काही दिवसांत खपली धरते. बहुतेकांना भूल द्यावी लागत नाही. उपचार एका बैठकीत संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१०मध्ये सुचवलेल्या पद्धतीत दर तीन ते सात दिवसांनी, एक ते पाच बैठकांत क्रायोथेरपी आणि जखमेतील अँटिमनीचे इंजेक्शन एकत्र देतात.

दोन्ही एकत्र देण्यामागे साधा तर्क आहे. लीशमॅनियाची जखम निबर असते. तिच्यात सुई घालून औषध भरणे कठीण आणि वेदनादायक. आधी गोठवले की वितळताना तेथे सूज येते, ऊती सैल होतात आणि औषध सहज पसरते. एका वेळी एक ते पाच मिलिलिटर औषध पुरते. त्यामुळे संपूर्ण शरीरावरचा परिणाम बराच कमी होतो.

याने खरेच किती रुग्ण बरे होतात?

इराणमधील इस्फहान येथील त्वचारोगतज्ज्ञांचा २००४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी दाखला म्हणून दिला जातो. त्यात केवळ क्रायोथेरपीने सुमारे ५७ टक्के, केवळ जखमेतील इंजेक्शनने सुमारे ५६ टक्के, तर दोन्ही एकत्र दिल्यावर सुमारे ९१ टक्के यश मिळाले. २०१६मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात क्रायोथेरपी आणि अँटिमनी या दोन्हींनी बऱ्या होणाऱ्या जखमांचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे ६७ टक्के निघाले.

या आकड्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. गोठवणे हे एकटे वापरले तर अँटिमनीपेक्षा श्रेष्ठ नाही. पण हृदयावर परिणाम करणारे औषध न देता तितकेच यश मिळत असेल, तर योग्य रुग्णासाठी तो मोठा फायदा आहे. दुसरे म्हणजे, दर तीन जखमांपैकी एक केवळ गोठवून भरत नाही. तेव्हा पाठपुरावा आणि पुढचा पर्याय तयार असणे आवश्यक.

श्रीलंकेने या उपचाराचा नियमित वापर केला आहे. तेथे पहिला स्थानिक रुग्ण १९९२मध्ये नोंदला गेला. २००१नंतर सैनिकांमध्ये आणि ग्रामीण भागात रुग्ण वेगाने वाढले. २००८मध्ये हा आजार नोंद करणे बंधनकारक झाले. अनुराधापुरा, पोलोन्नारुवा आणि हंबनटोटा या भागांतील सरकारी त्वचारोग विभागांत लहान जखमांसाठी द्रव नायट्रोजन आणि इतरांसाठी जखमेतील इंजेक्शन, असा क्रम रूढ आहे. वातावरण, परजीवीची प्रजाती आणि लोकांचा त्वचेचा रंग पाहता केरळसाठी हा अनुभव इराणपेक्षा जवळचा आहे.

पांढरा डाग का राहतो?

सावळ्या त्वचेच्या रुग्णांना हे आधी सांगणे गरजेचे आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी थंडीला सर्वात नाजूक. उणे चार-पाच अंशांनाच त्या मरू लागतात. त्वचेच्या इतर पेशी मरायला त्याहून कितीतरी अधिक थंडी, सुमारे उणे २० ते ३० अंश, लागते. साहजिकच परजीवीचे घर मोडेपर्यंत गोठवले, की रंगपेशी आधीच गेलेल्या असतात.

त्यामुळे भरलेल्या जागी पांढुरका डाग राहणे हा सर्वात सामान्य दुष्परिणाम. अनेकदा तो काही महिन्यांत कडेने भरत येतो, पण काहींमध्ये कायम राहतो. गोऱ्या त्वचेवर तो फारसा दिसत नाही. भारतीय त्वचेवर ठळक दिसतो. शिवाय आपल्याकडे पांढऱ्या डागाचा संबंध लगेच कोड किंवा कुष्ठरोगाशी जोडला जातो. गालावरचा खोल व्रण टाळण्यासाठी गालावर पांढरा डाग स्वीकारायचा का, हा निर्णय रुग्णाने पूर्ण माहिती घेऊनच करायचा असतो.

कोणासाठी हा उपचार योग्य नाही?

सर्वसाधारणपणे जखमा चारपेक्षा कमी, पाच सेंटीमीटरपेक्षा लहान आणि रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती चांगली असेल, तर स्थानिक उपचाराचा विचार होतो. गर्भवतींमध्ये औषधे टाळायची असल्याने गोठवणे हा सोयीचा पर्याय ठरतो.

याउलट पापण्या, ओठ, नाकाचे टोक, कानाची कूर्चा, बोटांचे सांधे अशा ठिकाणी फार जपून किंवा मुळीच वापरत नाहीत. बोटांच्या कडेने मज्जातंतू वरवर असतात आणि त्यांना इजा होऊ शकते. पायांचे रक्ताभिसरण कमी असलेले, थंडीने बोटे निळी पडणारे आणि थंडीची ॲलर्जी असलेले रुग्णही यातून वगळतात.

प्रजातीही महत्त्वाची. दक्षिण अमेरिकेतील लीशमॅनिया ब्राझिलिएन्सिस ही प्रजाती त्वचेवरची जखम भरल्यावरही पुढे कधी तरी नाक आणि घशाच्या आतल्या अस्तरावर हल्ला करू शकते. तेथे वरवर गोठवून भागत नाही. भारतात काळ्या आजारातून बरे झाल्यावर काहींच्या अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. त्यांनाही संपूर्ण शरीरात जाणारे औषधच लागते. असा रुग्ण स्वतःला ठणठणीत वाटत असला, तरी त्याच्यापासून वाळूमाशीमार्फत काळा आजार पुन्हा पसरू शकतो.

थंडी की उष्णता?

गोठवण्याला सर्वात मोठा स्पर्धक आहे तो उष्णतेचा. त्वचेतील लीशमॅनियाला थंड जागा आवडते. शरीराच्या आतील तापमानापेक्षा अधिक उष्णतेत त्याची वाढ खुंटते. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या छोट्या उपकरणाने जखम ५० अंशांवर ३० सेकंद तापवतात. बिकानेरमध्ये या पद्धतीच्या चाचण्या झाल्या असून निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. अफगाणिस्तानातही ती वापरली गेली आहे.

उष्णता उपचार बहुतेकदा एक-दोन बैठकांत संपतो, उपकरण बॅटरीवर चालते आणि दुर्गम भागात नेता येते. मात्र उपकरण महाग असते आणि भूल द्यावी लागते. क्रायोथेरपीचे उलट. उपकरण स्वस्त, अगदी बोळ्यानेही काम भागते. पण द्रव नायट्रोजन सतत मागवावा लागतो आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा यावे लागते. दोन्हींपैकी कोणता उपचार चांगला, यापेक्षा त्या दवाखान्यात कोणता उपचार सातत्याने देता येतो, हा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे.

द्रव नायट्रोजन मिळणे इतके कठीण आहे का?

द्रव नायट्रोजन बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवता येत नाही. तो सतत उकळत असतो. एक लिटर द्रवाचा सामान्य तापमानाला सुमारे ७०० लिटर वायू होतो. घट्ट बंद पात्र फुटू शकते. बंद खोलीत वायू साचला तर ऑक्सिजन कमी होऊन माणूस गुदमरतो. त्यामुळे सैल झाकणाचे, दुहेरी भिंतींचे पात्र आणि हवेशीर खोली लागते. वापरला नाही तरी तो रोज थोडा उडून जातो.

पण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हे पात्र अपरिचित नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्यकांड्या याच द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तो पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत, अनेकदा गोठ्याच्या दारापर्यंत नियमित पोहोचतो. जनावरांसाठी उभी असलेली ही साखळी माणसांच्या दवाखान्यापर्यंत वाढवणे अशक्य नाही. ज्या राज्यांत हा आजार आहे, तेथे या शक्यतेचा विचार व्हायला हवा.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्र हा त्वचेच्या लीशमॅनियासिसचा पट्टा मानला जात नाही. मात्र वाळूमाशी इथे आहे. चंडीपुरा विषाणूचा प्रसार तीच करते आणि १९६५मध्ये त्या विषाणूला नाव मिळाले ते नागपूर जिल्ह्यातील चंडीपुरा गावावरूनच. शिवाय राजस्थानातून कामासाठी येणारे मजूर आणि सौदी अरेबियासारख्या आखाती देशांतून परतणारे कोकणातील कामगार यांच्या अंगावर अशी जखम दिसली, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती देणे निदानासाठी फार उपयोगी ठरते.

न भरणाऱ्या जखमेवर बिब्बा घालणे, तापलेल्या सळईने डाग देणे असे प्रकार आजही ऐकू येतात. जखम गोठवणे किंवा तापवणे हा वैद्यकीय उपचार आहे, म्हणून घरी डाग देणे योग्य ठरत नाही. तापमान, खोली आणि वेळ यांवर नियंत्रण नसले, तर परजीवी राहतो आणि व्रण मात्र दुप्पट होतो. चामखिळींसाठी बाजारात मिळणारे गोठवणारे फवारेही यासाठी वापरू नयेत. ते द्रव नायट्रोजनइतके थंड नसतात आणि निदान झालेले नसते.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

उघड्या अंगावरची, न दुखणारी, उंच कडांची जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. गेल्या वर्षभरात कुठे राहिलो, हे सांगावे. जखमेतून नमुना घेऊन तपासणी झाली का, प्रजाती कोणती, गोठवण्याबरोबर इंजेक्शन देणार का आणि पांढरा डाग राहण्याची शक्यता किती, हे चार प्रश्न उपचारापूर्वी विचारावेत.

ठरलेल्या बैठका पूर्ण कराव्यात. वरची त्वचा जुळली म्हणजे आजार गेला असे नाही. उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी जखम पूर्ण भरली आहे का, हे तपासतात आणि पुढे सहा महिने ते वर्षभर जुन्या व्रणाच्या कडेला नवी पुळी येत नाही ना, यावर लक्ष ठेवतात. आजाराच्या भागात राहणाऱ्यांनी संध्याकाळपासून सकाळपर्यंत अंगभर कपडे घालावेत, बारीक जाळीची कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी वापरावी, भिंतींच्या भेगा लिंपाव्यात आणि घराजवळ शेण-कचऱ्याचा ओलसर ढीग साचू देऊ नये. उणे १९६ अंशांचा द्रव एक जखम भरून काढू शकतो. वाळूमाशीचा पुढचा चावा मात्र याच साध्या उपायांनी टळतो.